ससाण्याची बाजू

महाभारताच्या वनपर्वात एक ससाणा राजाशी वाद घालतो आणि वादात तो हरत नाही. जीव वाचवण्यासाठी कबूतर उशीनर राजाच्या आसऱ्याला आले आहे, मागोमाग ससाणा येऊन उभा राहिला आहे. शरणागताला टाकणे हे पाप, असे राजा सांगतो. ससाण्याचे म्हणणे सरळ आहे: हे माझे अन्न. ते तू काढून घेतलेस तर मी मरेन, माझ्यामागे बायकापोरे मरतील, म्हणजे एकाला वाचवून तू अनेकांचा घात करतोस. ज्या धर्माने दुसऱ्या धर्माची वाट अडते तो धर्म कसला? राजाकडे याला उत्तर नाही. म्हणून तो तराजू मागवतो आणि स्वतःच्या अंगाचे मांस कापून कबुतराच्या भारोभार घालू लागतो.

पुढचे कीर्तनात ऐकलेले असते. कबूतर जड जड होत जाते, शेवटी राजा स्वतःच पारड्यात बसतो, मग कबूतर म्हणजे अग्नी आणि ससाणा म्हणजे इंद्र असल्याचे उघड होते. सगळी परीक्षा होती. इथेच कथा ससाण्याला फसवते. तो इंद्र निघाला म्हणजे त्याची भूक खोटी ठरली, पिले खोटी ठरली, आणि त्याने विचारलेला प्रश्नही आपोआप मिटला. खऱ्या ससाण्याचे काय, हे कोणी विचारत नाही.

हीच कथा त्याच पर्वात पुढे शिबी राजाच्या नावावर येते आणि बौद्धांकडेही ती आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात ती भिंतीवर रंगवलेली आहे. पाचव्या शतकात ही लेणी घडत होती तेव्हा वाकाटकांच्या ज्या शाखेची या मुलखावर सत्ता होती तिची राजधानी वत्सगुल्म, म्हणजे आजचे वाशिम. वाशिम विदर्भातलेच. तेव्हा ससाणा आणि कबुतराचा हा खटला विदर्भाला परका नाही. निकाल मात्र दीड हजार वर्षे एकाच बाजूने लागत आला आहे.

ससाण्याची बाजू नोंदवून घेणारी माणसे अलीकडची आहेत आणि ती बहुधा डोंगराच्या धारेवर बसलेली सापडतात. हिमाचलमधल्या धर्मशाळेजवळ, धौलाधारच्या उतारांवर, यान विलेम डेन बेस्टन या अभ्यासकाने २००१च्या शरदात आणि २००२च्या वसंतात स्थलांतर करणारे शिकारी पक्षी मोजले. त्यात सर्वांत मोठा वाटा स्टेप गरुडांचा होता. मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत घरटी करणारा हा पक्षी हिमालयाच्या कडेकडेने शरदात पश्चिमेकडे जातो आणि वसंतात पूर्वेकडे परततो. धर्मशाळेला दलाई लामांच्या दर्शनाला येणाऱ्यांच्या डोक्यावरून, पुष्कळदा त्यांच्या नकळत, हजारो गरुड जात असतात. २०१५मध्ये याच पक्ष्याची नोंद आंतरराष्ट्रीय यादीत ‘संकटग्रस्त’ म्हणून झाली.

डोंगराची धारच का, याचे कारण हवेत आहे. वारा डोंगरावर आपटून वर चढतो, ऊन पडलेल्या उतारावरून तापलेली हवा उसळते, आणि जड पंखांच्या पक्ष्याला ही फुकटची उचल मिळते. पंख न हलवता तो घिरट्या घालत वर जातो, मग पुढच्या उसळीपर्यंत घसरत जातो. अशी वाट मिळाली की सगळे तीच धरतात. मोजणारा दुर्बीण लावून बसतो, तासातासाला कागदावर जात, संख्या, दिशा, जमल्यास वय आणि वाऱ्याचा जोर लिहितो. पक्षी उलटा निघाला तर तेही लिहितो. कागदावर रकाने इतकेच. त्याने आज काय खाल्ले, कोणाचे पिलू उचलले, याला रकाना नाही. गुन्हा नोंदवण्याची सोयच नसलेली ही बहुधा एकमेव नोंदवही असेल.

वसंतातली मोजणी शरदातल्या मोजणीहून जरा निराळी असते, हेही सांगायला हवे. शरदात थव्यात त्या वर्षीची पिले असतात, त्यामुळे आकडा फुगलेला दिसतो. वसंतात परतणारे म्हणजे हिवाळा, उपासमार, विजेच्या तारा, विषारी मढी, बंदुका या सगळ्यांतून उरलेले. म्हणून डोंगरावर बसणाऱ्याला वसंतातला आकडा लहान आला तरी तो जास्त बोलका वाटतो.

आता प्रश्न असा की ही नुसती पक्ष्यांची हजेरी आहे, की तिला धर्माच्या चर्चेत काही जागा आहे? आपल्या परंपरेने शिकारी पक्ष्याला जागा भरपूर दिली. वेदांत स्वर्गातून सोम आणणारा श्येन आहे, त्याच्या आकाराची विटांची चिती रचण्याचे गणित शुल्बसूत्रांत आहे. विष्णूचे वाहन गरुड. सीतेसाठी पंख गमावणाऱ्या जटायूचे स्थान म्हणून इगतपुरी तालुक्यातले टाकेद आजही दाखवले जाते. जनाबाईंच्या अभंगात आकाशात हिंडणारी घार येते ती पिलांकडे झेपावणारी आई म्हणून. भागवताच्या अकराव्या स्कंधातल्या अवधूताने चोवीस गुरू केले, त्यांत मांसाचा तुकडा सोडून दिल्यावर सुखी झालेला कुरर पक्षी आहे. एकनाथांनी १५७३मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथातून तो मराठीत घरोघरी गेला. माहूरच्या दत्तशिखरावर यवतमाळकडून जाणाऱ्या भाविकांना हा गुरू परिचयाचा आहे.

पण नीट पाहिले तर या प्रत्येक ठिकाणी पक्षी दुसऱ्या कशासाठी तरी उभा आहे: आईच्या मायेसाठी, त्यागासाठी, भक्तीसाठी. शिकार करून जगणारा प्राणी म्हणून तो समोर आला की शास्त्रकार अस्वस्थ होतात. मीमांसकांनी ‘श्येन’ नावाच्या यागावर बरीच डोकेफोड केली. शत्रूचा नाश करण्यासाठी करायचा हा याग. ससाणा जसा झडप घालतो तसा तो शत्रूवर पडतो म्हणून ते नाव. वेदाने सांगितलेला, मग हाही धर्म का? शबरस्वामींच्या परंपरेने वाट काढली ती अशी: वेद फक्त साधन सांगतो, ते वापरण्याची इच्छा माणसाची स्वतःची असते, आणि ज्याचे फळ अनर्थ आहे ते धर्मात मोडत नाही. युक्तिवाद तल्लख आहे. त्यात ससाण्याचे नाव तेवढे हकनाक बदनाम झाले. माणूस द्वेषाने मारतो, ससाणा भुकेने. दोघांना एका नावाखाली आणणे हा ससाण्यावर अन्याय आहे.

या बाबतीत सर्वांत सरळ बोलतात ते, आश्चर्य म्हणजे, जैन आचार्य. अहिंसा टोकापर्यंत नेणाऱ्या परंपरेत शिकारी प्राण्याबद्दल कडवट काहीतरी असेल अशी अपेक्षा असते. दहाव्या शतकाच्या सुमाराचे अमृतचंद्र ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ या ग्रंथात नेमका उलटा निवाडा देतात. एका हिंस्र जिवाला मारले तर अनेक जीव वाचतील, असा हिशेब करून त्याला मारू नये. तो पापे साठवतो आहे म्हणून कीव येऊन मारणेही चूक. म्हणजे वाघ-ससाण्याच्या खात्यावर कबुतरांची बेरीज मांडण्याचा अधिकारच माणसाला नाही.

व्यवहार मात्र तत्त्वाइतका सोपा नसतो. दिल्लीत चांदनी चौकातल्या जैन लाल मंदिराच्या आवारात पक्ष्यांचे धर्मादाय रुग्णालय आहे. तिथे कबुतरे, पोपट भरती होतात. मांसाहारी पक्ष्याला बाहेरच्या बाहेर उपचार मिळतात, मुक्काम मिळत नाही, कारण मंदिराच्या आवारात मांस शिजणार-वाढले जाणार नाही. नियमात दुष्टावा नाही. पण पंख तुटलेल्या घारीला मुक्कामच हवा असतो. अशीच एक जखमी घार घेऊन दारोदार फिरलेले नदीम शहजाद आणि मोहम्मद सौद हे दोघे भाऊ शेवटी स्वतःच्या तळघरात घारींवर उपचार करू लागले. शौनक सेन यांचा ‘ऑल दॅट ब्रीद्ज’ हा २०२२चा माहितीपट त्यांच्यावर आहे. दिल्लीच्या जुन्या वस्त्यांत घारींना मांसाचे तुकडे भिरकावणे पुण्याचे मानले जाते. एका भिंतीच्या अलीकडे घारीला मांस देणे धर्म, पलीकडे मांस आवारात आणणे अधर्म. आणि घार दोन्ही भिंतींवरून उडते. त्यांतल्या कित्येक तर दिल्लीच्या नसतातच. भारतीय वन्यजीव संस्थेच्या निशांत कुमार आणि सहकाऱ्यांनी उपग्रह-यंत्रे बसवलेल्या घारी वसंतात काराकोरमच्या शिखरांमधून पार होऊन मध्य आशियात गेलेल्या दिसल्या.

माणसाने शिकारी पक्ष्याविरुद्ध लावलेले निकाल पाश्चात्त्य देशांत तर बंदुकीने अमलात आले. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया राज्याने १९२९पासून गॉसहॉक मारणाऱ्याला ५ डॉलरचे बक्षीस ठेवले होते. किटॅटिनी डोंगराच्या धारेवर हौशी बंदूकवाले शरदात जाऊन बसत आणि जे उडत येईल ते पाडत. मेलेल्या पक्ष्यांच्या रांगांची छायाचित्रे पाहून रोझली एज या बाईंनी १९३४मध्ये ती टेकडीच भाड्याने घेतली आणि मॉरिस ब्राउन यांना राखणीला बसवले. राखणदाराने बसल्या बसल्या पक्षी मोजायला सुरुवात केली. आजच्या ‘हॉक माउंटन’ची जगप्रसिद्ध मोजणी अशी सुरू झाली.

त्या वह्यांचे पुढे जे झाले त्यात या लेखाचा मुद्दा आहे. रेचेल कार्सन यांनी ‘सायलेंट स्प्रिंग’ या १९६२च्या पुस्तकासाठी तिथले आकडे घेतले. १९३५ ते १९३९ या वर्षांत दिसलेल्या गरुडांपैकी ४० टक्के कोवळ्या वयाचे होते. १९५५ ते १९५९मध्ये तो वाटा २० टक्क्यांवर आला, आणि १९५७ साली तर ३२ प्रौढांमागे एकच तरुण गरुड दिसला. डोंगरावरून जाणारा एकेक गरुड धडधाकट होता. कोणाच्या पंखाला इजा नव्हती, कोणी शरण आला नव्हता. शिबीसारखा दयाळू राजा तिथे बसला असता तरी त्याला मांडीवर घ्यायला एकही पक्षी सापडला नसता. डीडीटी या कीटकनाशकाने अंड्यांतच संपलेली पिढी फक्त बेरजेत दिसत होती.

करुणेची जुनी पद्धत एका जिवाशी एका माणसाची गाठ घालून देते. डोळ्यांत डोळे, एक तराजू, एक कबूतर. ती पद्धत खोटी नाही, पण तिला जे दिसत नाही ते फार मोठे आहे. भारतातली गिधाडे हे त्याचे घरचे उदाहरण. गुराच्या मढ्यावर गिधाडांची झुंबड हे दृश्य इतके रोजचे होते की त्याकडे कोणी पाहत नसे. १९९२ ते २००७ या काळात पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. हे कळले ते बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या विभू प्रकाश आणि सहकाऱ्यांनी भरतपूरला आणि रस्तोरस्ती वर्षानुवर्षे मोजणी केली म्हणून. गुरांना दिले जाणारे डायक्लोफिनॅक हे औषध याचे कारण असल्याचे २००४मध्ये सिद्ध झाले, २००६मध्ये त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी आली. तोवर मुंबईच्या डुंगरवाडीत पारशी समाजाचा अंत्यविधीच अडचणीत आला होता. एका धर्माचा शेवटचा संस्कार एका पक्ष्यावर अवलंबून होता, आणि तो पक्षी किती आहेत हे त्या धर्मात कोणी विचारले नव्हते. बाकीच्यांनीही विचारले नव्हते.

धर्म या कामात आडवा येतो तसा उपयोगीही पडतो. इटलीत मेसिनाच्या सामुद्रधुनीवर वसंतात हजारो मधुबाज आफ्रिकेतून युरोपात परततात. जो पुरुष तेव्हा एक तरी मधुबाज पाडणार नाही त्याची बायको त्याला फसवील, अशी तिथल्या शिकाऱ्यांची समजूत होती. या समजुतीशी ॲना जोर्दानो ही मुलगी शाळकरी वयापासून लढली, डोंगरावर बसून पक्षी मोजत राहिली. १९९८मध्ये तिला गोल्डमन पुरस्कार मिळाला. नागालँडमध्ये पांगती गावाजवळ दोयांग जलाशयावर २०१२च्या शरदात जाळी लावून अमूर ससाणे पकडले जात होते. बानो हरालू, शशांक दळवी, रामकी श्रीनिवासन आदींनी ते जगासमोर आणले, तेव्हा एका हंगामातील बळींचा अंदाज १ लाख २० हजार ते १ लाख ४० हजार असा निघाला. पुढच्याच वर्षी ही कत्तल थांबली. त्यात वन विभाग, ग्रामपरिषद यांच्याबरोबर चर्चही होते. व्यासपीठावरून जे झाले नसते ते प्रवचनातून झाले.

पांगतीहून उडालेला अमूर ससाणा पुढे कुठे जातो? जेमतेम दीडशे ग्रॅमचा हा पक्षी भारतीय द्वीपकल्प आडवा कापतो, अरबी समुद्र ओलांडतो आणि आफ्रिकेच्या दक्षिणेत हिवाळा काढतो. वसंतात पुन्हा समुद्र ओलांडून चीन-सायबेरियाकडे. द्वीपकल्प कापायचा म्हणजे विदर्भ-मराठवाड्याचे आकाश त्यांच्या वाटेत येते. यवतमाळ जिल्ह्याच्या वणी तालुक्यातल्या राजूरला, कोळशाच्या त्या गावाला, मान वर करून पाहिले तर मात्र हे दिसण्याची शक्यता थोडीच. तिथे धौलाधार नाही. आसपासची उंची म्हणजे उघड्या खाणींतून उपसलेल्या मातीचे ढिगारे. मे महिन्यात पारा ४५च्या वर गेला की सगळा मुलूखच तापतो, हवा जागोजाग उसळते, आणि पक्ष्यांना एकाच वाटेवर यायची गरज उरत नाही. ते पसरून जातात, उंचावरून जातात. डोंगराच्या धारेवर जे दर्शन आयते घडते ते सपाटीवर घडत नाही.

आणि या जिल्ह्याला शिकारी प्राण्याच्या बाजूबद्दल प्रवचन देणे सोपेही नाही. टी-१ म्हणजे ‘अवनी’ वाघीण याच यवतमाळ जिल्ह्यातली. राळेगाव-पांढरकवड्याच्या पट्ट्यात तेरा माणसांचे मृत्यू तिच्या नावावर लागले. २ नोव्हेंबर २०१८च्या रात्री तिला गोळी घातली गेली, मागे दोन बछडे राहिले. मुंबई-दिल्लीत मेणबत्त्या पेटल्या. ससाण्याचा युक्तिवाद, माझ्यामागे माझी पिले मरतील, तेव्हा शहराने जसाच्या तसा मांडला. पण कपाशीच्या रानात पहाटे जायला घाबरणारी बाई या कथेत राजा नव्हती. ती कबूतर होती. ससाण्याची बाजू घेणाऱ्याने आपण नेमके कुठे बसलो आहोत हे आधी पाहावे. डोंगरावर बसून दुर्बिणीतून पाहणाऱ्याला ससाण्याची भीती नसते, हा त्याच्या उदारपणाचा मोठा भाग आहे. अमृतचंद्रांचा निवाडाही इथे कसाला लागतो. अनेकांना वाचवण्यासाठी एकाला मारू नये, हे ज्याचे माणूस गेले त्याच्या अंगणात उभे राहून म्हणता येईल का? म्हणता आले नाही तर निवाडा खोटा ठरत नाही. त्याची किंमत कोण मोजतो एवढे मात्र उघड होते, आणि ती राजाने स्वतःच्या मांडीचे मांस देऊन मोजली होती, प्रजेच्या नव्हे. शिबीच्या कथेतला हा भाग अजून ताजा आहे.

मोजणीवर एक आक्षेप नेहमी येतो. आकड्यात जीव हरवतो; हजार गरुड लिहिले की एकही गरुड उरत नाही. आक्षेपात तथ्य आहे. पण पांगतीच्या गोष्टीचा पुढचा भाग त्याला छेद देतो. नोव्हेंबर २०१३मध्ये भारतीय वन्यजीव संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तीन ससाण्यांना उपग्रह-यंत्रे बसवली, त्यांची नावे ठेवली नागा, वोखा आणि पांगती. ज्या गावाने जाळी लावली त्याच गावाच्या नावाचा पक्षी समुद्र ओलांडून गेला. आधी लाखाचा आकडा आला म्हणून जग हलले, मग एका पक्ष्याला नाव मिळाले म्हणून गाव हलले.

यापेक्षा जास्त फसवा आहे तो उपयोगाचा युक्तिवाद, आणि तो शिकारी पक्ष्यांचे मित्रच करतात. गिधाडे गेल्यामुळे २००० ते २००५ या काळात भारतात सुमारे ५ लाख जादा मृत्यू झाले, असा अंदाज ईयल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी मांडला. शेतावर घिरट्या घालणारा भोवत्या टोळ आणि उंदीर खातो, म्हणून तो शेतकऱ्याचा मित्र, असे शाळेत शिकवतात. हे सगळे खरे असेल. पण यातून ससाण्याला जगू दिले जाते ते माणसाचा नोकर म्हणून. उद्या उंदरांचे औषध स्वस्त झाले की नोकरी गेली. वनपर्वातला ससाणा उपयोगाचे एक अक्षर बोलत नाही. त्याने राजाला आपण कसे कामाचे आहोत हे पटवले नाही. मला भूक आहे आणि माझी पिले आहेत, एवढेच सांगितले.

राजूरकडे मोजणीचे हे काम करायचे तर डोंगराची वाट पाहायला नको. भोवत्ये हिवाळ्यात विदर्भात येतात, दिवसभर शेतांवरून आणि पडीक माळांवरून खाली खाली उडतात आणि संध्याकाळी उंच गवतात जमिनीवर एकत्र मुक्काम करतात. असे गवताळ रान सापडले की एका बाजूला, वारा तोंडावर घेऊन, सूर्य मावळण्याच्या तासभर आधी बसायचे आणि अंधार पडेपर्यंत उतरणारे पक्षी मोजायचे. डिसेंबर ते एप्रिल, दर पंधरवड्याला, त्याच जागेवरून. प्रौढ नर राखी-पांढुरके दिसतात, माद्या आणि पिले तपकिरी. त्यांतली जात लांबून ओळखणे जाणत्यांनाही जड जाते. ओळख पटली नाही तर ‘भोवत्या, जात अनिश्चित’ असे लिहायचे, अंदाजाने जात ठोकायची नाही. मार्चपासून आकडा उतरू लागतो, पक्षी मध्य आशियाच्या वाटेला लागतात. ज्या संध्याकाळी एकही उतरला नाही त्या तारखेपुढेही शून्य लिहायचे, रकाना कोरा ठेवायचा नाही. कारण पुढच्या वर्षी वही उघडणाऱ्याला, पक्षी नव्हते की माणूस गेला नव्हता, हे कोऱ्या रकान्यातून कळत नाही.